जाड रेघ, बारीक रेघ

पियाचेन्झात नोव्हेंबरमध्ये
पो नदीवरून धुकं गल्ल्यांत शिरतं
आणि भिंतीवरच्या अक्षरांमधून
आधी बारीक रेघा जातात.
अर्मिदा आत्याला हे तरुणपणीच ठाऊक होतं.
रस्त्यापलीकडे पोस्टर चिकटवून
ती पावलं मोजत मागे सरकायची,
वीस, तीस, चाळीस,
आणि वहीत टिपायची
कितव्या पावलाला कुठलं अक्षर मोडलं.

तिच्या टाइपफेसचा उभा दांडा अंगठ्याएवढा रुंद,
आडवी रेघ अशी
की जवळ कुणी शिंकलं तर हलेल.
मधलं काही नाही.
इतरांच्या अक्षरांत जाडी हळूहळू उतरते,
उतारावरून सायकल यावी तशी.
हिच्यात कडा.
दांडा संपला की लगेच रेघ.
आणि रेघ ती काढायचीच नाही कधी.
जाड पट्टा काळा भरायचा,
मग पांढऱ्या रंगाने दोन्ही बाजूंनी खात यायचं.
उरेल ती रेघ.
"काढलेली रेघ थरथरते," म्हणायची,
"उरलेली नाही थरथरत."

ज्याला ज्याला महाग दिसायचं होतं त्याने ते अक्षर घेतलं.
ऑपेराची पोस्टरं. व्हर्मुटची बाटली.
मिलानच्या एका मासिकाचं कपाळ,
जिथे मॉडेलच्या केसांमागे अर्धं नाव झाकलं
तरी लोक ओळखायचे.
नमुन्याच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर तिने छापून घेतलं होतं:
साठ पॉइंटांखाली वापरू नये.

ओत्ताव्यो गांदोल्फीने वापरलं.
आठ पॉइंटांत.
बसच्या वेळापत्रकाला.
तीन आणि आठ यांत फरक उरला नाही
आणि बेत्तोलाची बस अर्ध्या गावाची चुकली.
आत्या त्याच्या छापखान्यात गेली, गल्ल्यावर भिंग ठेवलं,
म्हणाली, "हे तुमच्याकडेच असू द्या."
तो म्हणाला, "छान दिसतं म्हणून लावलं, सिन्योरिना."
त्यानंतर एकतीस वर्षं
एकाच बेकरीच्या रांगेत
दोघं एकमेकांच्या पाठी बघत उभी.

आता तिच्या डोळ्यांचा मधला भाग झिजलाय.
डॉक्टरांनी मोठा शब्द सांगितला,
ती म्हणाली, "धुकं म्हणा की."

आमच्याकडे माणूस गेला की त्याचं नाव भिंतीवर लागतं,
काळी चौकट, वर छोटा क्रूस.
मंगळवारी सांत आंतोनीनोच्या कोपऱ्यावर
ती थांबली. काठी भिंतीला टेकवली.
"वाचू नकोस," मला म्हणाली.
मग बोट हवेत फिरवत:
"दोन कंस.
दोन खांब.
दोन कललेल्या काठ्या, दोन्ही एकाच बाजूला.
आणखी खांब. पुन्हा कंस."

टीचं छप्पर बारीक, म्हणून टी नुसता खांब.
एचा डावा पाय बारीक, व्हीचा उजवा हात बारीक,
ते गेले की दोघं जुळे भाऊ.
हे मला ती नंतर समजावत होती.
लोक सुतावरून स्वर्ग गाठतात,
हिच्याकडे सूतच उरलं नव्हतं.

"ओत्ताव्यो," ती म्हणाली.
बराच वेळ पुढे काही नाही.
एक स्कूटर गेली.

"केवढं लावलंय?"
मी हाताने मोजलं. "वीतभर उंच."
"म्हणजे मुलाला कळतं," म्हणाली.
आणि मग, "ए आणि व्हीमध्ये फट जास्त ठेवलीय.
बापासारखाच आळशी."
खरंच जास्त होती.

"रेघा आल्यात का?"
मी जवळ गेलो.
दुसऱ्या टीचं छप्पर एका जागी तुटलं होतं,
तिळाएवढं, शाई धरली नव्हती.
"आल्यात," मी म्हटलं.

तिने हातमोजा काढला
आणि कागदावर बोट नेलं
डावीकडून उजवीकडे, सरळ,
रेघ जिथे असायला हवी तिथून.

खळ अजून ओली होती.